नानाकाकांना मी नाही म्हणून कळवलंय

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी रागावून घ्या, मग पुढचं वाचा. नानाकाकांच्या कारखान्याच्या कर्जाला तुम्ही जामीन राहणार नाही, असं मी काल त्यांना सांगितलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणून बसला असता.

‘नुसती सही तर आहे’ असं काकांना खरंच वाटतं. पण ते कागद मी रोज बँकेच्या बाजूने लिहिते. १८७२ च्या करार कायद्यात, कलम १२८ प्रमाणे, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी काकांनाच धरावं असं बंधन नाही. बँकेने परस्पर अटी बदलल्या तर कलम १३३ तुम्हाला पुढच्या व्यवहारांतून सोडवतं, पण हा हक्क सोडल्याचं वाक्य छापील मसुद्यातच असतं. मीच घालते ते. शिवाय उद्यमबागेतल्या त्या कारखान्याचं कर्ज सीसीचं (कॅश क्रेडिट), म्हणजे पुन्हा पुन्हा काढायचं-भरायचं, फिरतं. उद्या नोटीस देऊन जामीन मागे घेतला तरी आधीच्या बाकीतून सुटका नाही.

आणि घराचे मूळ कागद बँकेत ‘ठेवायला’ मागितलेत ना? तारण म्हणून ते हातात दिले की घर गहाण पडतं, वेगळं गहाणखत नसलं तरी. खातं ९० दिवस थकलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज; मग सरफेसीची, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायच्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस. शेतजमीन त्या कायद्यातून वगळलीय, शहापूरचं घर नाही.

काकांना वाऱ्यावर सोडलेलं नाही. सीजीटीएमएसई म्हणून छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारी योजना आहे, तीत तारण आणि तिसऱ्याचा जामीन लागत नाही, फी मात्र पडते. अर्ज मी तपासून देईन. त्या साली आईच्या पाटल्यांसाठी ते धावले होते, विसरले नाही मी.

बाबा, सायकलच्या दांडीवर बसून मी पाढे म्हणायचे. सत्तावीसाला अडखळले की तुम्ही सायकल हळू करायचात. सहीपाशी तशीच करा की.

कोरे रकाने असलेल्या कागदाला हात लावू नका. कन्नड-इंग्रजी फॉर्मखाली ‘मजकूर मराठीतून समजावला’ अशी ओळ असते, तिथंही सही नको. फोटो काढून मला पाठवा. उताऱ्याची झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. मूळ खरेदीपत्र ट्रंकेतून हलवायचं नाही.

आई, काकू आल्या तर चहा दे, कुंदा दे, हा विषय तेवढा नको. गुडघ्याचं तेल पाठवलंय. गॅसची टाकी गुरुवारी येईल, पैसे दिलेत. बाबांची बीपीची गोळी तू स्वतः हातावर ठेव. गणपतीला येतेय, तेव्हा काकांकडे मी एकटीच जाईन.

तुमची,
चिमी