मधल्या चित्रपटाला नुसता पूल म्हणू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीवर आलेला लेख वाचला. लेख जिव्हाळ्याने लिहिलेला आहे, परंतु २००२ सालचा ‘द टू टॉवर्स’ हा मधला चित्रपट म्हणजे पहिल्या व तिसऱ्या भागाला जोडणारा नुसता पूल आहे, त्याला स्वतःचा आरंभ नाही आणि शेवटही नाही, हे त्यातील विधान मला पटले नाही. त्याच आठवड्यात शहरातील एका चित्रपटगृहात हा चित्रपट पुन्हा लागला होता आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन मी तो पाहून आले होते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

टॉल्कीन यांनी या चित्रत्रयीमागची कथा एकच प्रदीर्घ कादंबरी म्हणून लिहिली आणि प्रकाशकांनी ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत छापली, हे खरे आहे. मधल्या खंडात दोन कथानके एकमेकांपासून पूर्ण वेगळी ठेवलेली आहेत. पूर्वार्धात दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला निघालेले फ्रोडो आणि सॅम दिसतच नाहीत आणि उत्तरार्धात त्यांच्याखेरीज आधीच्या सोबत्यांपैकी कोणी येत नाही. दिग्दर्शक पीटर जॅक्सन व त्यांच्या सहलेखकांनी या दोन धारा एकत्र विणल्या, आणि त्या विणकामातून या चित्रपटाला त्याची स्वतःची गोष्ट मिळाली. माझ्या मते ती गोष्ट त्या अंगठीच्या मोहाने स्वतःला हरवून बसलेल्या गॉलमची आहे.

चित्रपटाच्या सुरुवातीला तो रात्री कड्यावरून पालीसारखा उतरतो, पकडला जातो आणि गळ्यातल्या दोराने पोळल्यासारखा किंचाळत राहतो. पुढे फ्रोडो त्याला त्याच्या जुन्या, विसरलेल्या नावाने हाक मारतो. ‘स्मीगल’ हे नाव ऐकून त्याच्या डोळ्यांत जी ओळख हळूहळू उमटते, तिथे त्याचे माणूसपण परत येऊ लागते. अखेरीस ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्याच हाकेला ओ देऊन तो तळ्याकाठी शिपायांच्या हाती सापडतो, मार खातो, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असताना त्याच्यातला जुना गॉलम पुन्हा बोलू लागतो. फ्रोडोने त्याचा जीव वाचवण्यासाठीच हे केले होते, हे त्याला तेव्हा कळत नाही. याला आरंभ आणि शेवट म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

आम्ही पंचवटीत राहणारी माणसे. रामकथेतला जो भाग आमच्या वाट्याला आला, त्यात राज्याभिषेक नाही आणि रावणवधही नाही. सुवर्णमृग आहे, सीताहरण आहे, जटायूचे पडणे आहे. अरण्यकांडाला कोणी दोन कांडांमधला पूल म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

थिओडेन राजाचेही तसेच आहे. दुसऱ्याच्या मंत्राखाली थिजलेला हा म्हातारा जागा होतो, पण जागा झाल्यावर लगेच शूर होत नाही. आधी प्रजेला घेऊन किल्ल्याचा आसरा घेतो आणि पहाटे, सगळे संपले असे वाटताना, घोड्यावर स्वार होतो. त्या रात्रीच्या लढाईबद्दल आपल्या लेखात पुष्कळ आले आहे, म्हणून एकच गोष्ट सांगते: चाल करून येणाऱ्या सैन्याच्या आरोळ्यांसाठी वेलिंग्टनच्या मैदानात क्रिकेटच्या सामन्याला जमलेल्या सुमारे २५ हजार प्रेक्षकांचा आवाज ध्वनिमुद्रित केला गेला. ध्वनिसंपादनाचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले, ते मला पूर्णपणे योग्य वाटते.

चित्रपट निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. कादंबरीतला फारामिर हा सेनानी अंगठीचा मोह सहज नाकारतो आणि म्हणूनच तो थोर वाटतो. चित्रपटात तो फ्रोडोला बंदी करून आपल्या नगरीकडे घेऊन जातो. कादंबरीत याच खंडात येणारा महाकाय कोळ्याचा प्रसंग तिसऱ्या भागात ढकलल्यामुळे इथे काही अडथळा हवा होता हे समजते, तरी हा बदल मला अजूनही सलतो.

आता चित्रपटगृहाविषयी. फ्रोडो व सॅम झोपलेले असताना गॉलम आणि स्मीगल यांचा जो वाद होतो, तो या चित्रपटाचा प्राण आहे. आधी कॅमेरा एकाच चेहऱ्याभोवती फिरतो. मग समोरासमोर दोघे बसले असावेत तशी दृश्ये आलटूनपालटून येऊ लागतात, आणि एकाच देहातले दोन जीव आपल्याला वेगवेगळे दिसतात. ॲण्डी सर्किस यांचा अभिनय आणि त्यावरून तो चेहरा घडवणाऱ्या ॲनिमेटरांचे कष्ट इथे एकरूप झाले आहेत. स्मीगलने धीर एकवटून दुसऱ्याला ‘निघून जा’ असे पहिल्यांदा म्हटले आणि नेमके तेव्हाच मध्यंतर झाले. दिवे लागले, पडद्यावर जाहिराती सुरू झाल्या. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, “आई, तो गेला का?” पंधरा मिनिटांनी उरलेले दृश्य सुरू झाले, तेव्हा निम्मे लोक पॉपकॉर्न घेऊन जागा शोधत होते आणि स्मीगलचा तो सुटकेचा आनंद त्या गडबडीत कोणालाच धड दिसला नाही.

मूळ चित्रपटात मध्यंतर नाही; ते कुठे घ्यायचे हे आपल्याकडे ठरवले जाते. सुमारे तीन तासांच्या चित्रपटाला मध्यंतर हवे, यात शंका नाही. परंतु ते ठरवणाऱ्याने एकदा चित्रपट पाहावा आणि हे दृश्य पूर्ण झाल्यावर, म्हणजे अवघ्या एक-दोन मिनिटांनी, दिवे लावावेत, एवढीच विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे शहरातील सर्व चित्रपटगृहांच्या व्यवस्थापकांना करीत आहे. पुढच्या आठवड्यात तिसरा भाग लागणार आहे, आणि त्याची लांबी तर याहूनही अधिक आहे.

कळावे,
आपली एक वाचक,
पंचवटी, नाशिक