पिंट्याला गोव्याला पाठवायचं का

सांगली,
जूनचा दुसरा आठवडा

प्रिय वैशे,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. त्यात निम्मा वेळ अभ्यासिकेतल्या पंख्याचाच आवाज आहे, पण मुद्दा कळला. पिंट्याला गोवा विद्यापीठात एम.एस्सी. करायचीय, काका म्हणतात 'गोव्याला कोण शिकायला जातं का', आणि तू मला विचारतेस की खरं काय ते सांग. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू 'हं, हं' करत मधेच चालू घडामोडी वाचतेस. म्हणून लिहिते. आज इथं सकाळपासून पाऊस आहे, लाईट दोनदा जाऊन आली, आणि आई म्हणते, 'रिकामी बसलीयस तर लसूण सोल.' तेव्हा लिहितेय म्हटलेलं बरं.

काकांचं वाक्य मी दोन वर्षांपूर्वी अख्ख्या गावभागाच्या तोंडून ऐकलंय. ॲडमिशन झाल्याचं कळल्यावर आमच्या वाड्यातल्या प्रत्येक पुरुषानं एकच विनोद केला आणि प्रत्येकाला वाटलं तो आपल्यालाच सुचला. बाटली, बीच, मजा आहे बाबा. कुणी एकानं विचारलं नाही की तिथं शिकवतात काय. मी मरीन सायन्स म्हटलं की 'म्हणजे नेव्ही?' फक्त आजीनं विचारलं, 'समुद्राचं पाणी खारट का असतं ते शिकवतील का?' तो पहिल्या आठवड्याचा धडा निघाला.

मिरजेहून रात्रीची गोवा एक्स्प्रेस धरली होती. कॅसलरॉकनंतर गाडी घाट उतरते तेव्हा डबाभर लोक गाढ झोपलेले, आणि दूधसागर अंधारात नुसता ऐकला. मडगावात पहाटे उतरून पणजीची बस धरली, बांबोळीला कंडक्टरनं उतरवलं आणि म्हणाला, 'हांगाच्यान पायलट घे.' मी दोन बॅगा आणि भडंगाची पिशवी घेऊन आकाशाकडे बघत उभी. पायलट म्हणजे तिथं मोटरसायकलवाला, पिवळ्या-काळ्या गाडीवर पैसे घेऊन सोडणारा. हे पिंट्याला आधी सांगून ठेव, माझ्यासारखी शोभा नको.

विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे. सगळा जांभा. पावसात लाल, उन्हात काळपट. १९८५ साली ते सुरू झालं, त्याआधी मुंबई विद्यापीठाचं एक केंद्र पणजीत होतं, तेवढंच. मुख्य इमारत सतीश गुजरालांनी आखलेली. ते चित्रकार होते हे इमारतीकडे बघून कळतं. कडेला गेलं की खाली झुआरीचं मुख, आणि पलीकडे मुरगाव बंदर, मोठमोठी जहाजं नांगर टाकून दिवसभर ढिम्म. पलीकडे वास्कोच्या सड्यावर ध्रुवीय संशोधनाची संस्था आहे, म्हणजे अंटार्क्टिकाला जाणाऱ्या लोकांचं ऑफिस. सांगलीच्या मुलीला हे पचायला वेळ लागला बघ. नारळाच्या झाडांकडे तोंड करून बसलेली माणसं बर्फाचा हिशेब करतात.

आता तू विचारलंस ते 'निवांत' प्रकरण. तिकडे त्याला सुशेगाद म्हणतात, शब्द पोर्तुगीज. त्याचं पहिलं दर्शन मला दुपारी दीड वाजता झालं. पणजीत बादली आणि दोरी घ्यायला गेले तर रस्त्यावरची दुकानं एकामागोमाग बंद. मला वाटलं कुणीतरी गेलं. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, 'न्हिदल्यात गो. चार वरांनी यो.' चारला गेले, तर दुकानदार ताजातवाना, केस विंचरलेला, मला बादली देताना घरची चौकशी करत बसला. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला कुणी दुपारी झोपायला गेलं तर त्याच्या पोत्यांचं काय होईल, विचार कर.

दुसरा शब्द 'मागीर'. म्हणजे नंतर. कुणी नाही म्हणत नाही, सगळे मागीर म्हणतात. पहिले दोन महिने या शब्दावर माझा जीव जळायचा. तिसऱ्या महिन्यात मीच म्हणायला लागले, आणि तिथंच घसरले. ते पुढं सांगते.

सकाळ मात्र त्यांची लवकर होते. सहाच्या आसपास पोदेर, म्हणजे पाववाला, यायचा, सायकलवर मागं मोठी टोपली, वर निळा प्लास्टिकचा कागद, आणि पोंय-पोंय भोंगा. त्या भोंग्याची मला इतकी सवय झाली की घरी आल्यावर भंगारवाल्याच्या भोंग्याला पैसे घेऊन खाली धावले होते. उंडो, पोई, कांकणं. पोई मधे पोकळ, वर कोंडा लावलेला. गरम असताना फाडून पातळभाजीत बुडवायची. आणि नुस्तें, म्हणजे मासे. तुला आठवतं ना, आमच्या घरी बुधवार-रविवार मटण, मासा म्हणजे कधी तरी कृष्णेचा, तोही काट्यांच्या भीतीनं. तिथं पहिल्यांदा तिसऱ्या पुढ्यात आल्या तेव्हा मी शिंपले चावायचे की काय म्हणून बघत होते. शेवटी शेवटी १ जूनला मासेमारीची बंदी लागली की मीही तिथल्या लोकांसारखं सुतकी तोंड करायला लागले. ३१ जुलैपर्यंत मग सुकटीवर भागवायचं.

तर घसरले ते असं. पहिल्या सेमिस्टरला आम्हाला चोवीस तासांचं सॅम्पलिंग होतं. नदीच्या मुखाशी धक्क्यावर बसायचं, दर तासाला पाणी काढायचं, खारेपणा, तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजून तक्त्यात भरायचं. भरती-ओहोटीबरोबर नदी काय काय करते ते त्यातून दिसतं. ऑक्सिजनची तऱ्हा फार देखणी आहे. काचेच्या बाटलीत पाणी बुडबुडा न येता भरायचं, त्यात दोन रसायनं सोडायची, बूच लावून उलटसुलट करायची, की आत तपकिरी ढग उठतात आणि हळूहळू तळाशी बसतात. जितका ऑक्सिजन जास्त तितका रंग गडद. कंदिलाच्या उजेडात ते ढग बघत मी रात्रभर बसू शकेन असं आधी वाटलं होतं.

माझी पाळी पहाटे तीन आणि चारची. दोनला मी म्हटलं, जरा पाठ टेकते, मागीर उठते. जोडीदारीण बिचारी आधीच तापानं घरी गेलेली. उठले तेव्हा कोळणी टोपल्या घेऊन चालल्या होत्या आणि पाच वाजून गेले होते.

आपल्या कॉलेजात काय झालं असतं, तुला माहिती आहे. बोलावलं असतं, उभं केलं असतं, आईवडिलांचा फोन नंबर मागितला असता. इथं मॅडमनी तक्ता बघितला. दोन ओळी कोऱ्या. मी खाली मान घालून उभी. त्या इतकंच म्हणाल्या, 'त्या दोन तासांत नदीनं काय केलं ते आता कुणालाच कळणार नाही.' आणि चहा प्यायला गेल्या. मलाही विचारलं, येतेस का म्हणून.

वैशे, मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. वर्गात सगळ्यांनी आलेख काढला तर प्रत्येकाच्या वहीत त्याच जागी रेघ तुटलेली. ओहोटी नेमकी तेव्हा परतत होती, म्हणजे सगळ्यात बघण्यासारखं तेव्हाच घडलं असणार. कुणी मला एक शब्द बोललं नाही. एकानं तर त्या खाचेत छोटी झोपलेली मुलगी काढली होती. हसले मी पण.

त्यानंतर मी घड्याळ सोडून पाण्याचं वेळापत्रक पाठ केलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यामुळे आज सकाळी सातला निघायचं असेल तर चार दिवसांनी दहाच्या पुढं. निवांत दिसणारे ते होडीवाले या बाबतीत आपल्या रेल्वेपेक्षा कडक. आमच्या होडीवाल्या काकांनी एक हिशेब शिकवला: तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. थोडंफार इकडंतिकडं होतं, पण मोबाईलला रेंज नसताना हेच कामाला येतं. दुपारी झोपणारी माणसं पहाटे तीनला जाळी घेऊन पाण्यात असतात हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं. आपण सुट्टीला जाणारे फक्त दुपार बघतो.

आणि खाजनं. हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. खाडीच्या काठाची खोलगट भातजमीन, भोवती मातीचे बांध, आणि बांधात एक लाकडी दार, त्याला मानस म्हणतात. ओहोटी लागली की आतलं पाणी ते दार ढकलून बाहेर जातं. भरती आली की बाहेरचं खारं पाणीच ते दार दाबून बंद करतं. उघडायला माणूस नाही, लावायला माणूस नाही. मी त्या बांधावर तासभर बसून दार बंद होताना बघितलं. आधी नुसतं हलतं, मग कडेनं पाण्याची चिळकांडी बारीक होत जाते, मग एक बारीकसा 'धप्'. संपलं. आत कोरगुट नावाचा भात, थोडं मीठ सोसणारा.

तेव्हा मला पलूसचा मामा आठवला. त्याच्या खालच्या रानात ऊस पिऊन पिऊन मीठ फुटलंय. उन्हाळ्यात जमीन पांढरी पडते, वरून कुरकुरीत. समुद्र शेदीडशे किलोमीटर लांब, आणि आम्ही पाटाच्या पाण्यानं घरबसल्या खाजन करून ठेवलं, तेही मानस नसलेलं! शिमग्याच्या सुट्टीत आले तेव्हा माझ्याकडे खारेपणा मोजायची नळी होती, रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत वर निळं आणि खाली पांढरं दिसतं, त्यांच्या मधली रेघ वाचायची. समुद्राचं पाणी हजारी पस्तीसच्या आसपास. मामानं ती हातातून घेतली आणि म्हणाला, 'अगं हे तर आमचं ब्रिक्स मीटर!' द्राक्षाची गोडी बघायला त्याच्याकडे तसलंच. लगेच बागेतनं एक मणी आणून माझ्या काचेवर पिळला. रेघ पट्टी ओलांडून गेली. मामा खूश. मग मी रानातल्या चरातलं पाणी टाकलं. तीन. मामा बराच वेळ डोळा लावून बसला. मग नळी पुसून माझ्या हातात दिली आणि पाईप टाकून निचरा करायला एकरी किती लागतात याचा हिशेब स्वतःशीच करायला लागला. यंदा निम्म्या रानात टाकलेत.

आता पिंट्या. खरं सांगू का, तो काकांनी ओरडल्याशिवाय आंघोळीला उठत नाही. तिथं ओरडायला कुणी नाही. लेक्चरला नाही गेलास तर कुणी विचारणार नाही, गेलास तर कौतुक करणार नाही. समुद्र विद्यापीठाच्या खिडकीतून दिसतो, आणि मिरामारला संध्याकाळी बसलं की आठ कधी वाजले कळत नाही. त्यात नोव्हेंबरला पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, मग कार्निव्हल, मग शिगमो. माझ्याबरोबरची दोन हुशार मुलं या सगळ्यात पहिल्या वर्षीच विरघळली. ती वाईट नव्हती, त्यांना आयुष्यभर कुणीतरी हाकत आलं होतं एवढंच. पिंट्याची मला तीच भीती वाटते. आणि तरी मी म्हणते, पाठव. तुझ्यासारखं पुण्यात सहा बाय दोनच्या खणात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं. (चिडू नकोस. तुझं होणारच आहे, पण रविवारी तरी बाहेर पड.) त्याला फक्त समुद्राचं काही सांगू नका, तो त्याला आपोआप दिसेल. डोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचं सांग. ती १९६६ पासूनची आहे, आणि आमच्यातले कित्येक जण प्रोजेक्टला तिथंच जातात. प्रवेश परीक्षेचं मी त्याच्याशी बोलते, त्याला रात्री फोन करायला सांग. छत्री नको, रेनकोट दे. त्या पठारावरच्या वाऱ्यात माझ्या दोन छत्र्या गेल्या.

काकांना कसं समजवायचं ते तू बघ. त्यांना पाण्याची भीती आहे हे मला माहीत आहे, आपल्या सगळ्यांनाच आहे. २०१९ ला आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तुम्ही आमच्या गच्चीवर होता आणि पिंट्या बादलीत पाय घालून रडत होता. अजूनही इथं पाऊस लागला की बाबा दर तासाला पुलाची पातळी विचारतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. गोव्यात मी पहिल्या रात्री भरतीचं पाणी पायऱ्या चढताना बघितलं आणि उठून उभी राहिले होते. बाकी कुणी वर बघितलं नाही, पत्ते चालू होते.

लसूण शेवटी सोलायलाच लागली, म्हणून पत्राला वास असेल. आजी आत कालनिर्णय घेऊन बसलीय. मी घरी येऊन महिना झाला, तरी तिचं रोजचं चालूच आहे. आत्ता ओरडून सांगतेय, 'आज दशमी गं. म्हणजे साडेसात!'

तुझी,
माधवी