पट्ट्याची काळी पूड ओळखणाऱ्या मेस्त्री काकांना

मेस्त्री काका,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आमच्या शिडाच्या होडीतल्या दोन सिलिंडरच्या, १८ अश्वशक्तीच्या यानमार इंजिनावर दुसरा अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारं जनित्र) आणि होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्जचा पंप बसवायला तुम्ही दोन रविवार दिलेत. मजुरी चुकती झाली, आभार राहिले होते. ते चारचौघांत मानतोय, कारण तुम्ही सांगितलेलं लहान इंजिनवाल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

१०० अँपिअरचा अल्टरनेटर खोक्यात परत ठेवायला लावलात, हा पहिला उपकार. फळीवर खडूने मांडलेला तुमचा हिशेब अजून पुसलेला नाही. १०० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे १४०० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे इंजिनाची साडेतीन अश्वशक्ती तिथेच जाणार. इंजिनाची १८ अश्वशक्ती मिनिटाला ३६०० फेऱ्यांवरची. नांगर टाकून १२०० फेऱ्यांवर चार्जिंग करताना त्यातली थोडीच हाती असते. शिवाय २०० अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटऱ्या अर्ध्या उतरल्या तरी ४० ते ५० अँपिअरच घेतात. ७० चा अल्टरनेटर भरपूर झाला, आणि इंजिनाच्या जोरावर तो फिरवणाऱ्या १० मिलीमीटरच्या एकेरी पट्ट्याला तेवढाच झेपतो.

जुन्या पट्ट्याखालची काळी पूड तुम्ही बोटावर घेऊन चोळलीत. कोरडी होती, म्हणजे तेल नाही, रबर झिजतंय. मग पुल्यांवर, म्हणजे पट्टा ज्यांवरून फिरतो त्या चाकांवर, सरळ पट्टी आडवी धरलीत. दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडा, म्हणजे चारही जागी पट्टी टेकली पाहिजे. एका जागी नखभर फट दिसली तरी पट्टा तिरका चालतो आणि कड खातो. ताण किती, तर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० मिलीमीटर. सैल पट्टा घसरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त ताणला तर अल्टरनेटरच्या आणि पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर आडवा जोर येतो, हे फार थोडे सांगतात. नवा पट्टा पहिल्या काही तासांत सैलावतो, तेव्हा तो पुन्हा ताणायचा.

अल्टरनेटर धरणारं ब्रॅकेट होडीच्या लाकडाला नको, इंजिनाच्या ब्लॉकलाच, हा तुमचा हट्ट शंभर टक्के बरोबर होता. इंजिन रबरी पायांवर डुलतं, लाकूड जागचं हलत नाही. ब्रॅकेट लाकडाला लावलं तर पट्टा दर झटक्याला ताणला-सैलावला जातो. १० मिलीमीटरची पोलादी पट्टी आणि अल्टरनेटरला दोन्ही टोकांना आधार: ॲल्युमिनियमचं पातळ ब्रॅकेट अशा थरथरीत भेगाळतं.

पुल्या तुम्ही इंजिनाला १३० आणि अल्टरनेटरला ६५ मिलीमीटरची अशा घेतल्यात. १००० फेऱ्यांवर अल्टरनेटर २००० फिरतो आणि चार्जिंग सुरू होतं. ३६०० वर ७२००, तेही त्याला सोसतं. तार २५ चौरस मिलीमीटरची, कथिल चढवलेली, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभरच्या आत.

अल्टरनेटरच्या फील्डच्या तारेत (त्याच्यातल्या चुंबकाला वीज देणाऱ्या तारेत) घातलेल्या छोट्या स्विचसाठी तर खास आभार. खाडीच्या तोंडाशी लाटा अंगावर येतात तेव्हा तो बंद केला की अल्टरनेटरचा भार उतरतो आणि सगळा जोर होडी ढकलणाऱ्या पंख्याला मिळतो. बॅटरीचा मुख्य स्विच मात्र इंजिन चालू असताना कधीच बंद करायचा नाही, नाहीतर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरमधले डायोड जळतात. हे तुम्ही स्विचशेजारी लाल रंगाने लिहून ठेवलंत.

बिल्जच्या पंपाला विद्युत क्लच (विजेने जोडता-सोडता येणारी जोडणी) आहे म्हणून तो हवा तेव्हाच फिरतो. त्याचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, कोरडा मिनिटभर फिरला तरी जळू शकतो, म्हणून पाणी संपताच क्लच सोडतो. जादा इंपेलर आणि दोन पट्टे तुम्ही बांधलेल्या पिशवीत, इंजिनखणाच्या झाकणाला आतून टांगलेले आहेत.

कळावे, लोभ असावा.

होडीवरचे आम्ही तिघे