मथळ्यातून ‘पारधी’ काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी आपल्या पाचव्या पानावर ‘पारधी टोळी गजाआड’ असा मथळा होता. चार जण, दोन घरफोड्या, गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. त्याच पानावर खाली एका पतसंस्थेतल्या अपहाराची बातमी होती. रक्कम कितीतरी मोठी, आरोपींची नावं आणि हुद्दे सगळं छापलेलं. जात मात्र कुठे नव्हती. नव्हती ते योग्यच. मग वरच्या चौघांची का?

मी ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर नावाच्या भागात राहते. बत्तीस वर्षं सरकारी शाळांत शिकवलं. १९९४ साली शिवपुरी रस्त्यावरच्या एका शाळेत होते, तेव्हा पाचवीत एक पारधी मुलगा आला. शाळेमागच्या माळावर त्यांची पालं पडली होती. घरची बोली गुजरातीच्या वळणाची, हिंदी जेमतेम. जन्मतारीख विचारली तर वडील म्हणाले, ‘जवार दाण्यावर आली होती तेव्हा.’ मी १ जुलै लिहून टाकली.

एकदा तो दप्तरातून फासे घेऊन आला. एका लांब दोरीला ओळीने बांधलेल्या बारीक खुंट्या आणि प्रत्येक खुंटीला नायलॉनचा सरकता फास. आजोबांच्या वेळी घोड्याच्या केसांचे असत, म्हणाला. व्हरांड्यातल्या मातीत खुंट्या रोवून त्याने सगळं दाखवलं : पिंजऱ्यातला पाळीव तितर ओरडतो, त्याच्याशी भांडायला रानातला तितर धावत येतो आणि पाय फासात जातो. मग त्याने नुसत्या तोंडाने तितराची हाक दिली. वर्ग एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने माळावरून उत्तर आलं! १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे ही पारध आता गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितलं. सांगणं भागच होतं. पण मग पोट कशावर भरायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गाभण हरिणी किंवा पाडस फासात आलं तर सोडून द्यायचं, हेही त्याच्याचकडून कळलं. पुढे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्या अभ्यासातही फासेपारध्यांची हीच रीत वाचायला मिळाली. फासेपारधी काळवीट आणि पाखरं धरणार, नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकराच्या आणि घोरपडीच्या मागे जाणार, वैदू सापळ्यात मुंगसासारखी लहान जनावरं पकडणार. एकाच मुलुखात राहून एकमेकांच्या वाट्याला जायचं नाही. इतकं शहाणपण असलेल्या माणसांना आपण ‘टोळी’ म्हणतो.

त्या हिवाळ्यात शाळेच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. पोलिसांनी विचारलं, पालातलं कोणी शाळेत येतं का? मी हजेरीपट उघडून त्यांच्यापुढे धरला. कोणीही बळजबरी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना उचललं, आठवड्यात माळ रिकामा झाला. मोटर सापडली नाही, चोरही नाही. मार्चपर्यंत मी त्या मुलाच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहीत राहिले. त्या हजेरीपटाची मला आजही लाज वाटते.

हजेरी या शब्दाचा त्यांच्या घरात काय अर्थ होता, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे तो देशभर पसरवला. त्यात नाव लागलेल्या जमाती जन्मापासूनच गुन्हेगार. पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर जायचं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना आपल्याकडे पहाऱ्यावर नेमलं. ज्यांना सगळे चोर म्हणत होते, त्यांच्या हाती राजाने राखण दिली! देशात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. सत्तर वर्षं उलटली, तरी मथळे जुनेच आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीवरून भेद करणारे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींच्या माणसांना मनमानीने अटक करू नये, असंही पोलिसांना बजावलं. तुरुंगाच्या वहीत जो रकाना नको, तो आपल्या मथळ्यात कसा चालतो?

बातमी पोलिसांच्या पत्रकावरून आली असेल, पत्रकातच तसं लिहिलेलं असेल. तरी मथळा आपल्याच कचेरीत बसतो. आरोपीचं नाव, गाव, गुन्हा जरूर छापा. जात गाळा. आणि त्या चौघांपैकी कोणी निर्दोष सुटलं, तर तेही पाचव्या पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत येऊ द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लष्कर, ग्वाल्हेर