सुतारकामाचा ठराव कागदावर यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रपूर तालुक्यातील एका गावात माझे हार्डवेअरचे दुकान आहे. घर बांधणारे मालक आणि त्यांचे काम घेतलेले वाढई, म्हणजे सुतार, हे दोघेही माझे गिऱ्हाईक असल्याने त्यांच्यातील कुरबुरी बहुधा माझ्या गल्ल्यापुढेच ऐकू येतात. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या सुताराला काम देताना, एक पानाचा का होईना, लेखी करार व्हावा आणि त्यासाठी पुढाकार सुतारानेच घ्यावा, एवढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पूर्वी वाढई वर्षभर वखर, डवरा, तिफण आणि बंडी यांची दुरुस्ती करी आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा नेई. काम दरसालचे तेच आणि माणसेही तीच असल्याने कागदाचे कारण पडत नसे. आता ट्रॅक्टरमुळे ते काम जवळजवळ संपले असून सुताराची कमाई चौकटी, दारे, खिडक्या आणि सनमाइका लावलेली कपाटे यांवर आली आहे. कामाची रक्कम वाढली, पण ठरवण्याची रीत मात्र ओट्यावर बसून दोन वाक्यांत उरकण्याचीच राहिली आहे.

‘मजुरी ठोक, सामान मालकाचे’ हे त्यातले नेहमीचे वाक्य. मालकाच्या मते सामान म्हणजे लाकूड. सुताराच्या मते लाकडाबरोबर बिजागऱ्या, कडी-कोयंडे, स्क्रू, डिंक, पॉलिश पेपर हे सगळे आले. तो ही जिन्नस मालकाच्या खात्यावर माझ्याकडून उचलतो आणि महिनाअखेरीस वही पाहून मालक अवाक होतो. तरीही मजुरीच्या मूळ आकड्यावरून भांडण झालेले मी क्वचितच पाहिले. भांडण होते ते वाढीव कामावरून. आमच्याच गावात एका घराची पाच दारे आणि दोन खिडक्या ठोक मजुरीवर ठरल्या होत्या. काम चालू असताना घरच्यांनी देवघर सांगितले, पुढे ओट्याखालची कपाटे सांगितली, आणि सुतार मिस्त्री प्रत्येक वेळी ‘होऊन जाईल’ म्हणाले. हिशेबाच्या दिवशी मालकाला हे सगळे ठोक रकमेतलेच वाटत होते, तर मिस्त्रींच्या मनात देवघराचाच दर मुख्य दाराहून अधिक होता. दोघेही खोटे बोलत नव्हते. कपाटे सांगितली त्याच दिवशी कागदाच्या मागच्या बाजूस ‘कपाटे वाढीव, अमुक मजुरी’ अशी ओळ लिहून दोघांनी सही केली असती, तर पुढचे काही महिने एकमेकांना टाळत फिरण्याची वेळ आली नसती.

लाकडाचे प्रकरण याहून नाजूक आहे. मालकाने नुकतेच कापलेले, पुरते न वाळलेले सागवान आणून दिले तर दार पुढे आकसते आणि फटी पडतात. उलट वैशाखाच्या उन्हात अगदी घट्ट बसवलेला पल्ला (दाराचे झडप) श्रावणात फुगून चौकटीला अडतो. पहिला दोष लाकडाचा, दुसरा बहुधा कारागिराचा. पण लाकूड कोणी आणले आणि ते वाळलेले होते का, याची नोंद नसल्याने दोन्हींचा बोल सुतारालाच लागतो. शिवाय साग स्वतःच्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, असला तरी तो तोडण्यास 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्यान्वये परवानगी लागते. ती घेतली आहे आणि तिची जबाबदारी मालकाची आहे, हे कागदावर असणे सुताराच्या हिताचे आहे.

तोंडी करार कायद्याला मान्य नाही, असा एक समज गावात आहे. तो बरोबर नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी ठरावही बंधनकारक असतो, आणि फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला त्याने भरपाई द्यावी, असे त्याच कायद्याचे कलम 70 सांगते. अडचण असते ती शाबित करण्याची, आणि ती सुतारावर अधिक पडते. निकृष्ट कामाबद्दल मालक 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला शुल्कही भरावे लागत नाही. बुडालेल्या मजुरीसाठी सुताराला मात्र हा दरवाजा बंद आहे, कारण तो ग्राहक नसून सेवा देणारा आहे. त्याला दिवाणी न्यायालयात तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावावा लागतो किंवा तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत तडजोड करावी लागते, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न ‘लिहून काय ठेवले आहे?’ हाच असतो.

स्टॅम्पपेपरच्या धास्तीने कोणी मागे सरू नये. मुद्रांक नसलेला दस्त पुरावा म्हणून दाखल करण्यास अडचण येते हे खरे, परंतु त्यामुळे करार रद्दबातल होत नाही आणि शुल्क व दंड भरून तो दोष दूर करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केले आहे. ज्यांना कागद जड वाटतो त्यांनी निदान ठरलेले सर्व व्हॉट्सॲपवर लिहून समोरच्याचे ‘मंजूर’ असे उत्तर घ्यावे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, अशी तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहे.

‘लिहून मागितले म्हणजे विश्वास नाही’ ही हरकत मी पुष्कळदा ऐकली आहे, आणि ती घेणारी मंडळी जिनिंगवर कापूस घातल्यावर काटापट्टी हातात पडल्याशिवाय बंडी हलवत नाहीत! वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून पावती घेताना ज्यांना संकोच वाटत नाही, त्यांना घरच्या वाढयापुढे सही करताना तो का वाटावा, हे मला समजलेले नाही.

पैसे केव्हा द्यायचे, हेही लिहिलेले असावे. ‘कापूस विकला की देतो’ ही आपल्याकडची मुदत कोणत्याही पंचांगात सापडत नाही. सरकारी घरकुलाच्या कामात तर सपाट भागासाठीचे 1 लाख 20 हजारांचे अनुदान बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्यांनी येते आणि हप्ता लांबला की सुताराची मजुरी अडते. म्हणून इसार किती, चौकटी उभ्या झाल्यावर किती, पल्ले बसल्यावर किती, आणि हप्ता न आल्यास काम थांबवण्याची मुभा आहे की नाही, हे आधीच ठरवावे. शहरातल्या निविदांची नक्कल करून दररोजच्या उशिराला दंड लावणारे कागदही हल्ली दिसू लागले आहेत. सुतारांनी तसल्या कागदावर डोळे मिटून सही करू नये.

पंतप्रधान विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली, आणि तिच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम आमच्या वर्ध्यातच झाला. तिच्यातील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, प्रशिक्षण आणि सवलतीचे कर्ज मिळते. त्या प्रशिक्षणात एक तास करार लिहिण्यासाठी ठेवावा आणि पंचायत समितीने मराठीतील एक पानाचा छापील नमुना ग्रामपंचायतींतून द्यावा, अशी माझी विनंती आहे. अशा कागदांचा आणखी एक उपयोग आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करताना मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि आज इथे तर उद्या तिथे काम करणाऱ्या सुताराला ते मिळवताना नाकी नऊ येतात. तारखा आणि मालकांच्या सह्या असलेले चार करार ग्रामसेवकांपुढे ठेवता आले, तर त्यांनाही प्रमाणपत्र देणे सोपे जाईल.

आपला विश्वासू,
एक हार्डवेअर दुकानदार
ता. समुद्रपूर, जि. वर्धा