दोघांना पाठवून काय होणार होतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडापानावर ऑबर्न आणि अलाबामा या दोन विद्यापीठांच्या मॅचबद्दल चार ओळी छापून आल्या, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची (म्हणजे हेल्मेटवाल्या) मराठी पेपरात दखल घेतली गेली याचं बरं वाटलं, पण त्यात ऑबर्नच्या नशिबाला जो दोष दिलाय तो काही पटला नाही म्हणून लिहितोय. यात नशिबाचा संबंध फार थोडा आहे. शेवटच्या मिनिटापर्यंत २४-२० ने पुढे असलेली टीम २७-२४ ने हरली ती घाबरून खेळली म्हणून, आणि घाबरायचं ठरवलंच होतं तर तेही धड केलं नाही म्हणून.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २५ नोव्हेंबर २०२३ चा शनिवार, थँक्सगिव्हिंगची सुट्टी, ऑबर्नचं जॉर्डन-हेअर स्टेडियम, ८८ हजार माणूस. अलाबामा देशात आठव्या नंबरवर, आणि ऑबर्न आदल्याच आठवड्यात घरच्या मैदानावर न्यू मेक्सिको स्टेटकडून ३१-१० असा मार खाऊन आलेलं, त्यामुळे हिशोबात कोणी धरलंच नव्हतं. तरी पठ्ठे पुढे होते. पाचेक मिनिटं उरली असताना अलाबामाने पंट मारला (म्हणजे लाथेने बॉल लांब उडवून समोरच्यांना दिला), तो घेताना आमच्या (मी ऑबर्नवाला) पोराच्या हातून बॉल निसटला आणि त्यांना आयता मिळाला. तिथून ते गोल लाइनपासून (जी बॉल घेऊन ओलांडली की टचडाऊन, सगळ्यात जास्त पॉइंट) ७ यार्डांवर आले, आम्ही म्हटलं गेली मॅच, तर त्यांचाच स्नॅप (खेळ सुरू करताना बॉल मागे देणं) फिसकटला नि १८ यार्ड मागे गेले, मग त्यांचा पास टाकणारा, क्वार्टरबॅक जेलन मिलरोने जिथून खेळ सुरू होतो ती लाइन ओलांडल्यावर पास टाकला त्याची पेनल्टी, असं करत करत चौथा डाऊन (चार प्रयत्नांतला शेवटचा) आला तो ३१ यार्डांवर. फील्ड गोलचे मिळतात तीन पॉइंट आणि फरक होता चारचा, म्हणजे किकचा उपयोग शून्य. टचडाऊनच पाहिजे. एवढा एक पास अडवला की मॅच आपली.

आणि इथे ऑबर्नने मिलरोच्या अंगावर पाठवले किती, तर दोन! तिसरा मध्येच उभा, तो पळाला तर धरायला. बाकी आठ जण मागे एंड झोनच्या (गोल लाइनमागच्या पट्ट्याच्या) आसपास. समोर अलाबामाचे पाच धिप्पाड लाइनमन त्या दोघांना अडवायला, म्हणजे एकेकाला दोन-दोन आणि वर एक शिल्लक. मिलरोला कोणी हातसुद्धा लावला नाही, तो मागे गेला, उभा राहिला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पाय नाचवले, परत बघितलं आणि मग आरामात बॉल फेकला. एंड झोनच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात अलाबामाच्या आयझाया बाँडने तो घेतला. घड्याळात ३२ सेकंद बाकी.

आता यावर दोन तट पडलेत आणि आमच्या घरातही पडलेत. माझे साडू बर्मिंगहॅमला असतात, पक्के अलाबामावाले, शिक्षणही तिथलंच. त्यांचं म्हणणं, "अहो, तुमच्या कोच फ्रीझने केलं ते बरोबरच केलं, मिलरो दिवसभरात शंभराच्या वर यार्ड पळालाय, चार जण अंगावर घातले असते तर त्यांच्या मधून निसटून गेला असता, आणि एवढ्या लांबून टचडाऊन शंभरातून एखादा होतो, तो झाला, त्याला कोच काय करणार." हे वरवर अगदी शहाणपणाचं वाटतं. टीव्हीवरचे निम्मे जाणकारही हेच बोलतात, की लांबचा पास असेल तर माणसं मागे ठेवावीत, गर्दी करावी, कोणी ना कोणी बॉल खाली पाडेल.

पण जरा हिशोब करून बघा. गोल लाइन ३१ यार्डांवर, तिच्यापुढे एंड झोन अजून १० यार्ड, म्हणजे मागच्या कोपऱ्यात पोचायला रिसीव्हरला (पास घेणाऱ्याला) ४० यार्डांच्या आसपास पळायचंय. प्रो लीगमध्ये जाण्याआधी पोरांची ४० यार्डांची धाव मोजतात त्यात एकदम वेगवान पोरगा साडेचार सेकंदांच्या आतबाहेर येतो, तेही हलक्या कपड्यात, समोर कोणी नसताना, सरळ रेषेत. पॅड-हेल्मेट घालून, एकाला चुकवून, वळण घेऊन पाच तरी सेकंद धरा. नेहमीसारखे चार जण अंगावर आले तर क्वार्टरबॅकला निवांत मिळतात अडीच-तीन सेकंद, मग पळापळ. म्हणजे अलाबामाला त्या क्षणी एकच गोष्ट कमी पडत होती, वेळ. आणि आपण ती फुकट दिली! शेवटच्या ओव्हरला सगळे फिल्डर बाऊंड्रीवर लावायचे आणि बॉलरला सांगायचं बाबा तू हळू टाक, फुलटॉस टाक, असला हा प्रकार.

मिलरो पळाला असता म्हणता, तर पळू दे की! ३१ यार्ड पळायचे, समोर सहा-सात जण उभे, एकाने जरी पाडला तरी मॅच संपली. पळणं हा त्यांचा सगळ्यात वाईट पर्याय होता आणि आम्ही नेमका त्याच्यासाठी एक माणूस राखून ठेवला. मी काही सहा-सात जणांचा ब्लिट्झ मागत नाहीये, तो जुगार झाला. चार पाठवा, सात मागे राहतात, रिसीव्हर जास्तीत जास्त पाच. आणि खरं दुखणं पुढेच आहे, आठ जण मागे असूनसुद्धा बाँडच्या अंगावर एकच पोरगा होता. मग एवढी माणसं मागे नेली ती कशाला? बाकीचे मध्ये उभे राहून बॉल कुठे जातोय ते बघत होते. त्या एकट्या पोराला आता शिव्या घालणारे आमच्यात आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं की तो विद्यार्थी आहे, वर्षाला साडेसहा मिलियन डॉलर घेणारा माणूस बाजूला हेडफोन लावून उभा होता, त्याला विचारा.

हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. १९९४ साली मिशिगनने घरच्या मैदानावर कोलोरॅडोविरुद्ध शेवटच्या प्लेला तीनच जण पाठवले होते, कोलोरॅडोच्या कोर्डेल स्टुअर्टला बॉल लांबवर फेकायला भरपूर वेळ मिळाला, ६४ यार्डांचा टचडाऊन, २७-२६. तीस वर्षं होत आली, अजून तोच कित्ता गिरवतात. का, तर हरल्यावर उत्तर द्यायला सोपं जातं. माणसं मागे ठेवून हरलं की म्हणतात चमत्कार झाला, आणि अंगावर जाऊन हरलं की म्हणतात कोच मूर्ख. त्यामुळे कोच नोकरी वाचवायचा डिफेन्स लावतो, मॅच वाचवायचा नाही.

हां, नशिबाची तक्रार करायचा ऑबर्नला तसाही हक्क नाही. याच मैदानावर २०१३ मध्ये जॉर्जियाविरुद्ध चौथ्या डाऊनला १८ यार्ड हवे असताना ७३ यार्डांचा टचडाऊन आम्हालाच मिळाला होता, तोही जॉर्जियाचे दोघं एकाच बॉलवर उड्या मारायला गेले आणि बॉल उडून रिकार्डो लुईसच्या हातात पडला म्हणून. ४३-३८. आणि दोनच आठवड्यांनी अलाबामाची हुकलेली किक पकडून ख्रिस डेव्हिस या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला, ती मॅच तर इकडे लहान पोरांनाही माहितीये. पण त्या जॉर्जियाच्या मॅचचाही धडा हाच ना, की मागे नुसती माणसं असून भागत नाही, कोणी कोणाला धरायचं हे ठरलेलं लागतं.

साडूंचा यावरही एक मुद्दा असतो, २०१८ च्या जानेवारीतल्या फायनलचा. ओव्हरटाइममध्ये जॉर्जियाने अलाबामाचा क्वार्टरबॅक तुआ याला आदल्या प्लेला पाडला होता, दुसऱ्या डाऊनला २६ यार्ड हवे होते, आणि तरी पुढच्याच पासवर ४१ यार्डांचा टचडाऊन बसला. म्हणजे अंगावर जाऊनही हरतातच की, असं ते म्हणतात. हरतात ना, कोण नाही म्हणतंय. पण तिथे तुआने नजर दुसरीकडे ठेवून सेफ्टीला (सगळ्यात मागच्या डिफेंडरला) फसवलं, काहीतरी करून दाखवावं लागलं त्याला. परवा मिलरोला उभं राहण्यापलीकडे काय करावं लागलं?

येत्या शनिवारी (२ डिसेंबर २०२३) अटलांटात अलाबामाची गाठ जॉर्जियाशी आहे, लागोपाठ दोन वर्षांचे चॅम्पियन, आणि कोच किर्बी स्मार्ट हा अलाबामाच्या कोच सेबनच्याच हाताखाली तयार झालेला. शेवटच्या दोन मिनिटांत तशीच वेळ आली तर तो किती जण पाठवतो ते बघायचंय मला. साडूंनी मॅचला जेवायला बोलावलंय, लाल शर्ट घालून या म्हणाले. जेवायला जाईन, शर्टाचं बघू.

आपला,
एक ऑबर्नवाला वाचक,
हंट्सविल, अलाबामा