नोव्हेंबरच्या आधी भरायची वही

पुणे
ऑक्टोबर

ती. आई आणि बाबा,
प्रभू येशूच्या नावाने सप्रेम नमस्कार.

मृतांच्या स्मरणाचा नोव्हेंबर तोंडावर आला. कबरींना चुना, हार, आणि चर्चमध्ये मिस्सा (वेदीवरची उपासना) हे तुम्ही दरवर्षी करताच. यंदा त्याआधी एक काम हातात घ्या, कारण ते तुम्हा दोघांशिवाय कुणालाच जमणार नाही. आपल्या घरातल्या मृतांची नावं लिहून काढायची आहेत. तुम्हाला जी नावं तोंडपाठ आहेत त्यातली निम्मीही आम्हा भावंडांना सांगता येत नाहीत. मिस्साच्या पाकिटावर आम्ही "सर्व मृत नातेवाईक" लिहून मोकळे होतो. तसं चालतं, फादर काही म्हणत नाहीत. पण ज्या माणसानं आपल्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याचं नाव वर्षातून एकदा तरी वेदीपुढे घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

दोनशे पानी आखलेलं लाँगबुक घ्या. पणजोबा, आजोबा, काका अशी वंशावळ मांडू नका, महिन्यावार लिहा. संतांना आपण असंच तर आठवतो. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी वारले म्हणून त्यांचा सण ३ डिसेंबरला. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेले, त्यांचं स्मरण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. बहुतेक संतांच्या बाबतीत ख्रिस्तसभा मृत्यूचा दिवस हाच स्वर्गातला जन्मदिवस धरते. मठांमध्येही मरण पावलेल्या संन्याशांची तारीखवार वही ठेवायची आणि त्या त्या दिवशी ती नावं वाचायची प्रथा जुनी आहे. आपली वही तशीच असावी. सकाळी प्रार्थनेला बसलात की आजची तारीख उघडायची, नाव असलं तर घ्यायचं.

प्रत्येक महिन्याला सोळा पानं दिली की १९२ होतात. उरलेल्या आठांपैकी चार २ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनाला, जोडा, कारण ज्यांची तारीख कुणालाच आठवत नाही ती सगळी माणसं त्या पानांवर येतील. शेवटची चार कबरींच्या नकाशाला ठेवा. एका माणसाला चार-पाच ओळी पुरतात: स्नानसंस्काराचं (बाप्तिस्म्याचं) नाव, घरातलं नाव, आडनाव, कोणाचा कोण, वारल्याचं साल आणि तेव्हाचं वय, कुठे पुरलं, आणि ही माहिती कुठून मिळाली. ही शेवटची गोष्ट विसरू नका. दगडावरून, रजिस्टरमधून की आठवणीतून हे लिहिलं नसेल तर पुढे दोन तारखा समोर आल्यावर कोणती खरी धरायची ते कळत नाही. पक्कं असेल ते बॉलपेननं लिहा, अंदाज असेल ते पेन्सिलीनं. जेल पेन नको, पावसाळ्यात ओल लागली की शाई पसरते.

साल आठवत नसेल तर अडून बसू नका. बाबा, तुम्ही रेल्वेतल्या बदल्यांवरून मोजा. भुसावळला येण्याआधीची गोष्ट की नंतरची, मनमाडच्या क्वार्टरमध्ये की इगतपुरीच्या? आई, तुला तारीख नाही पण सण हमखास आठवतो, आणि त्याच्यावरून पुष्कळ काही हाती लागतं. "दुष्काळाच्या वर्षी, पवित्र शुक्रवारच्या आदल्या दिवशी" एवढं तू सांगितलंस तरी पुरे. १९७२ साली ईस्टर २ एप्रिलला होता, म्हणजे पवित्र शुक्रवार ३१ मार्चला आणि तारीख निघाली ३० मार्च. तू फक्त सण सांग, पंचांग मी बघते.

मग चर्चच्या ऑफिसात जा. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांची रजिस्टरं ठेवावीच लागतात. रविवारी मिस्सानंतर विचारू नका, तेव्हा फादरांभोवती गर्दी असते. मधल्या वारी सकाळी जा आणि नाव व अंदाजे साल कागदावर लिहून न्या. "आमचे सगळे बघा" म्हटलं की कुणीच बघत नाही, "१९६० ते १९६५, हे आडनाव" म्हटलं की रजिस्टर उघडतं. जुन्या नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात, तिथे जॉन हा योआन्नेस म्हणून सापडेल. रेल्वेतल्या माणसांची आणखी एक गंमत आहे: घरी एक नाव, चर्चमध्ये दुसरं आणि सर्व्हिस बुकात तिसरं. तिन्ही लिहून न्या. रजिस्टरमध्ये मृत्यूची आणि दफनाची अशा दोन तारखा असतात, दगड कोरताना पुष्कळांनी दफनाचीच कोरलेली असते. वहीत मृत्यूची घ्या. शंका राहिलीच तर नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला प्रमाण धरा.

रजिस्टरची पानं वाळवीनं खाल्लेली निघाली तरी निराश होऊ नका. १९१८ ते १९८३ या काळात जो कायदा होता त्याप्रमाणे प्रत्येक पॅरिशनं दरवर्षी रजिस्टरांची खरी नक्कल बिशपांच्या कार्यालयात पाठवायची होती. आपला नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या नकलांची चौकशी पुण्यात करावी लागेल. ते माझ्याकडे सोडा.

आता वहीत कोणाकोणाला घ्यायचं ते. इथे हात आखडता घेऊ नका, ही माझी विनंती आहे.

स्नानसंस्कार होण्याआधी गेलेली बाळं आधी लिहा. आई, जुन्या बायका अशा बाळांचं नावही काढत नसत, कारण अशा बाळांना स्वर्ग नाही अशी भीती त्यांच्या मनात घातलेली होती. आज ख्रिस्तसभेच्या मिस्साग्रंथात अशा बाळांच्या अंत्यविधीच्या वेगळ्या प्रार्थना आहेत, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगानं या बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे असं सविस्तर मांडलं. नाव ठेवलं नसेल तर "अमक्याचं बाळ" आणि साल लिहा. ज्यांनी स्वतःचा जीव घेतला त्यांनाही लिहा. १९८३ च्या कायद्यात ख्रिस्ती दफन नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या काढलेली आहे, आणि अशा माणसांसाठी प्रार्थना करावी असं धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट सांगतो. आणि आपल्या घराण्यात ख्रिस्ती श्रद्धा येण्याआधीचे जे होते, ज्यांना तापीकाठी अग्नी दिला, तेही आपलेच. फादर कोणाही जिवंत किंवा मृत माणसासाठी मिस्सा अर्पण करू शकतात, कायद्यात कसलीही अट नाही. त्यांच्या नावाची एक मिस्सा यंदा लावाच.

मिस्सा सांगताना चिठ्ठीवर नाव सुटं आणि स्वच्छ लिहा, कोणत्या दिवशी हवी तेही लिहा, आणि पंधरा दिवस आधी द्या. २ नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करायची मुभा आहे. १९१५ मध्ये, महायुद्धात माणसं मरत होती तेव्हा, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ती सगळीकडे दिली. पण त्यातली एकच मिस्सा देणगी घेऊन एखाद्याच्या नावानं करता येते, दुसरी सगळ्या मृतांसाठी आणि तिसरी पोप महोदयांच्या हेतूसाठी असते. म्हणून "आमच्या आजोबांची मिस्सा २ तारखेलाच हवी" असा हट्ट धरू नका. त्यांच्या मृत्यूच्या तारखेची सांगा, वही त्यासाठीच आहे. पैसे नसले तरी धर्मगुरूंनी गरिबांच्या हेतूनं मिस्सा करावी असं कायद्यातच म्हटलं आहे, हे आपल्या शेजारच्या मावशींना जरूर सांगा. त्या पैशांच्या संकोचानं गप्प बसतात.

१ ते ८ नोव्हेंबर हे आठ दिवस फार मोलाचे. या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, मनातल्या मनात का होईना, तर रोज एक पूर्ण इंडल्जन्स, म्हणजे माफ झालेल्या पापांबद्दल उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सूट, मिळते, आणि ती मृतांसाठीच असते. अटी अशा: पापाची ओढ मनात ठेवायची नाही, त्या दिवशी कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घ्यायचं, पोप महोदयांच्या हेतूसाठी एक "स्वर्गीय पित्या" आणि एक "नमो मारिया" म्हणायची, आणि कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) करायचं. लोक गडबडतात ते कन्फेशनपाशी. ते रोज लागत नाही, एकच कन्फेशन सगळ्या दिवसांना पुरतं, सुमारे वीस दिवस आधी किंवा नंतर केलेलं चालतं. कम्युनियन आणि प्रार्थना मात्र प्रत्येक दिवसाची वेगळी. म्हणजे आठ दिवसांत आठ नावं. ज्यांच्यामागे प्रार्थना करणारं कुणी उरलं नाही, अशी आठ निवडा.

आई, तुझे गुडघे बघता २ तारखेच्या गर्दीत जायची काही गरज नाही. ४ किंवा ५ तारखेला सकाळी आठच्या सुमाराला रिक्षानं जा, तेवढंच पुण्य आहे. २ तारखेचं हवंच असेल तर चर्चमध्ये जाऊन "स्वर्गीय पित्या" आणि मतांगीकार (श्रद्धेच्या कबुलीची प्रार्थना) म्हटला तरी चालतं, १ तारखेच्या दुपारी बारापासून २ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत मुभा असते. आणि पाय अजिबातच उचलले नाहीत तर कन्फेशनच्या वेळी फादरांना सांग. ज्यांना जाणं जमत नाही त्यांच्यासाठी ते भेटीऐवजी दुसरं काही नेमून देऊ शकतात.

आता कबरी. बाबा, गवत तुम्ही उपटायचं नाही. परतीच्या पावसानंतर गाजर गवत कमरेएवढं होतं, त्याच्यानं अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होतो. शिवाय सैल दगडाखाली विंचू आणि गवतात साप असतात. माणूस लावा, त्याला हातमोजे द्या, आणि आधी काठीनं गवत झोडपायला सांगा. फुलं यायच्या आत मुळासकट उपटलं तरच उपयोग, नुसतं कापलं तर पंधरवड्यात परत वर येतं.

आजीच्या कबरीच्या डाव्या कडेची भेग बघून गवंडी सिमेंट भरायला सांगेल. भरू देऊ नका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात त्या भेगेत बोट जातं, ऑगस्टमध्ये नख जात नाही. आकसलेल्या दिवसांत सिमेंट ठासून भरलं की पावसाळ्यात फुगायला जागा उरत नाही आणि चौथरा दुसरीकडे फुटतो. नोव्हेंबरात जमीन अजून ओलसर असते, तेव्हा एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा मसाला भरावा, तो थोडी हालचाल सोसतो. काकांच्या कबरीवर ग्रॅनाइटची घाई तर मुळीच नको. खड्ड्यात परत टाकलेली माती सैल असते, ती निदान एक पावसाळा, खरं तर दोन, बसत राहते. तोवर मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस ठेवा, खचेल तशी भर घाला. चौथरा बांधाल तेव्हा वरची काळी माती काढून मुरूम ठोकून भरायचा, आणि खालच्या पट्ट्याची टोकं खड्ड्याच्या बाहेर, न खणलेल्या जमिनीवर टेकवायची. नाहीतर सगळा भार सैल मातीवर येतो आणि दगड तिरका होतो.

संगमरवराला आणि शहाबादी फरशीला अ‍ॅसिड लावायचं नाही. त्याच्यावर जो फेस येतो तो मळ नसतो, दगडच विरघळत असतो, आणि त्याच्याबरोबर कोरलेली अक्षरंही. साधं पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रशही नको. चुना आदल्या रात्री भिजवून फडक्यातून गाळा, कठडा ओला करून दोन पातळ हात द्या, एकच जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात. कालवताना डोळ्यांना जपा. मेणबत्त्या थेट दगडावर लावू नका, वाळू घातलेल्या डब्यात लावा. मेणाचे डाग राहत नाहीत, आणि वाऱ्यानं पडून वाळल्या गवताला आग लागायची भीतीही नाही.

२ तारखेला वेदीवर फुलं नसतात, वाद्यं फक्त गाण्याला साथ देण्यापुरती. गायनमंडळातल्या मुलांना बाबांनी आधीच सांगून ठेवावं, दरवर्षी ऐन वेळी धावपळ होते. १ तारखेला मात्र सर्व संतांचा सण, तेव्हा सगळं दणक्यात होऊ द्या. त्या दिवशी वहीतल्या ज्यांची नावं संतांची आहेत त्यांना वेगळं आठवा: अंतोन, झेवियर, तेरेजा. आपल्या घरात दोन अंतोन झाले, कोणता कोण ते नीट लिहा.

रोज संध्याकाळी अर्धा तास, आईनं सांगायचं आणि बाबांनी लिहायचं. भांडण झालं तर दोन्ही तारखा लिहा, पेन्सिलीनं. पाच-सहा पानं भरली की धाकट्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला सांगा, म्हणजे मला इथे रजिस्टरांचा शोध सुरू करता येईल. ३१ तारखेच्या गाडीनं मी येतेच आहे. नवे हातमोजे आणि दोन ब्रश घेऊन येईन, तुम्ही विकत घेऊ नका. चुना तेवढा आणून ठेवा.

तुमची लेक